अत्तार सर आणि माशाचं तेल

उदगीरच्या अत्तारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचा धंदा. उरुसात त्यांची काचेच्या कुप्यांची पेटी उघडली की अर्धी गल्ली घमघमायची म्हणे. आणि त्याच घरातल्या थोरल्या मुलाच्या अंगाला कायम माशाच्या तेलाचा वास. क्लासमधले आम्ही शिक्षक पाठीमागे म्हणायचो, बापजाद्यांनी कमावलेला सुगंध या गड्यानं एकट्यानं घालवला. हे अत्तार सरांच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील? एकदा चहा पिता पिता ते शांतपणे म्हणाले, "अब्बा बी हेच म्हणतेत. फकस्त ते तोंडावर म्हणतेत."

माझी त्यांची पहिली भेट भज्यांच्या बशीवरून झाली. मी भोकरचा गायकवाड. एम.एस्सी. होऊन नोकरीच्या शोधात लातूरला आलो आणि एका मोठ्या खाजगी क्लासमध्ये मुलांच्या रसायनशास्त्रातल्या शंका सोडवायच्या कामाला लागलो. पहिल्याच दिवशी समोरच्या टपरीवर बशी हातात घेतली, तर शेजारी उभ्या असलेल्या एका उंच, किडकिडीत माणसानं माझ्या बशीतलं भजं उचललं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "तेल परवाचं हाय," ते म्हणाले. "खा, मरत न्हाईस. पण कवतिकानं खाऊ नको." टपरीवाला ओशाळून हसला. सर दिसले की तो कढई बदलतो हे मला पुढं कळलं. कुणाच्या घरी जेवायला गेले तर सरांच्या आधी त्यांचं नाक स्वयंपाकघरात पोचायचं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायचं मी टाळायचो, कारण जेवण बाजूला राहून करडई आणि सरकीवर व्याख्यान ऐकावं लागायचं.

ते दिवस लातुरात क्लासच्या सुगीचे होते. भूकंपाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. गावांकडं माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि इकडं शहरात बारावीच्या निकालाचा डंका वाजत होता. हदगाव, भोकर, उदगीर, कुठून कुठून पोरं यायची. पुष्कळांच्या आया घर नवऱ्यावर सोपवून लातुरात खोली करून राहायच्या आणि पोरांना रांधून घालायच्या. क्लासच्या संचालकांना आम्ही साहेब म्हणायचो. माणूस बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्का. शिक्षक रुजू झाला की त्याची दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं ते आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवून घ्यायचे. तुमच्या खोलीत उंदीर खातील, इथं सुरक्षित राहतील, असं म्हणायचे. खरा मतलब एवढाच की मास्तरनं उठून समोरच्या क्लासला जाऊ नये. बहुतेक क्लासांची तीच रीत होती, त्यामुळं आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अत्तार सर तेवढे म्हणायचे, "आपुन फळ्याम्होरं, आन्‌ आपली जिंदगी त्या कपाटात."

सर मूळचे संशोधनातले. नांदेडला गोदावरीच्या काठी भोई लोकांकडून मासे घ्यायचे आणि त्यांचं तेल काढायचे. त्यांचा प्रश्न साधा होता. तोच रोहू, तीच नदी, पण थंडीत त्याच्या अंगातलं तेल एक असतं आणि उन्हाळ्यात दुसरं, तर हा फरक नेमका किती? मला त्यांनी तो हातानं समजावला. हात आडवा धरून मधली तीन बोटं खाली सोडली. "हे दाताळं समज. वरची आडवी पट्टी म्हंजी ग्लिसरॉल. खाली तीन दात, ती फॅटी ॲसिडं. झालं तुझं ट्रायग्लिसराइड. तूप घे, करडईचं तेल घे, माशाचं घे, न्हाई तर साहेबाच्या पोटावरची चरबी घे. दाताळं हेच. फरक दातांचा." दात सरळ असले की एकाला एक लागून बसतात आणि तूप थिजतं. दातात दुहेरी बंध आला की तिथं तो वाकतो. वाकडे दात एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. माशाच्या तेलात तर एकेका दाताला पाच-पाच, सहा-सहा बाक. थंड पाण्यात अंगातली चरबी थिजली तर मासा पोहणार कसा? म्हणून गारठा पडला की तो आपलं तेल आणखी वाकडं करून घेतो. "मासा मौसम बघून सोताला बदलतो," सर म्हणायचे. "आपल्याला ते जमत न्हाई."

परीक्षेत तेलांच्या धड्यावर फारसं काही विचारत नसत, म्हणून साहेबांनी तो धडा गाळून टाकला होता. सर तो शिकवायचेच. चहाचे ग्लास मांडायचे, एकात पातळ केलेलं तूप, एकात करडईचं तेल, एकात माशाचं, आणि प्रत्येकात औषधाच्या दुकानातून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकून कोमट पाण्यात धरायचे. तांबूस रंग तुपात बराचसा तसाच राहायचा, करडईत फिका पडायचा आणि माशाच्या तेलात दिसेनासा व्हायचा. जितके दुहेरी बंध जास्त, तितकं आयोडीन तेल पिऊन टाकतं. पोरी नाकाला रुमाल लावायच्या, पण माना पुढं काढून बघायच्या. वर्षभर गुणांच्या मागं धावणाऱ्या त्या पोरांना गुणाशिवाय काही शिकताना मी तेवढ्या एका तासाला पाहिलं.

असा माणूस क्लासमध्ये अडकला कसा? भूकंपात त्यांच्या आपाचं, म्हणजे मोठ्या बहिणीचं, औशाकडच्या गावातलं घर पडलं. मेहुणे गेले. आपा आणि तिच्या लहान मुली वाचल्या. सर नांदेडचं काम अर्धवट टाकून लातूरला आले, भाड्यानं घर केलं, त्यांना तिथं आणलं आणि या क्लासमध्ये रुजू झाले. एका वर्षासाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. येताना पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या माशांच्या तेलाच्या बाटल्या सोबत आणल्या. उन्हाळ्याचे मासे तेवढे राहिले होते. घरमालकाला घरात मासळी चालत नव्हती. म्हणून बाटल्या क्लासच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या. त्या तेलाला उजेड, ऊब आणि हवा या तिन्हींचं वावडं.

एका मे महिन्यात गुणवंतांचा सत्कार ठरला. पाहुण्यांसाठी थंड पेयं ठेवायची म्हणून शिपायानं फ्रीज रिकामा केला आणि बाटल्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. मे महिन्यातली लातूरची गच्ची. कार्यक्रमाच्या गडबडीत दोन-चार दिवस कुणाला पत्ताच नाही. मग सरांनी एकेक बूच उघडून वास घेतला. मला तर तो वास पूर्वीसारखाच घाण वाटला. सरांनी मात्र प्रत्येक बाटलीला मान हलवली. शिपाई रडकुंडीला आला होता. सर त्याच्यावर रागावले नाहीत, उलट त्याला समजावत बसले. "माणसात दुहेरी जोड म्हंजी मजबुती. तेलात उलटं. जिथं दुहेरी जोड, त्याच्या बाजूलाच हवा दात लावती. तेल जितकं चांगलं, तितकं बेगीनं खवट. तुझी चूक न्हाई बाबा, तेलाचा सोभाव हाय." शिपायाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मला सरांचाच राग आला. माणसानं इतकं समजूतदार असू नये.

त्यानंतर वर्षभरानं कोकणातल्या एका मत्स्य-संशोधन केंद्रातून त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. दारात समुद्र, रोजची ताजी मासळी, तेल तपासायची यंत्रं. गेलेलं सगळं नव्यानं उभं करता आलं असतं, आणि आपा मुलींना घेऊन सोबत यायला तयार होती. सर छायाप्रतींवर मुलाखत देऊन आले आणि त्यांची निवडही झाली. रुजू व्हायला मात्र मूळ कागद हवे होते. साहेब म्हणाले, बॅच संपू द्या. आता क्लासमध्ये बॅच कधी संपते का? बारावीची संपायच्या आत प्रवेश परीक्षेची, ती संपायच्या आत नवी अकरावीची, आणि मधल्या फटीत रिपीटरांची. मी सल्ला दिला, पोलिसात हरवल्याची तक्रार द्या आणि दुबार काढून घ्या. सर म्हणाले, "कपाटात दिसून राहिलेली चीज हरवली म्हणून कशी लिहू?" असल्या माणसाला पकडून ठेवायला कुलूपसुद्धा लागत नाही.

तरी त्यांनी तगादा सोडला नाही. तेव्हा साहेबांनी पालकांची बैठक बोलावली. सगळ्यांच्या देखत त्यांनी कपाटातून सरांची फाईल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, सरांना मोठी संधी आली आहे, आपण कोण अडवणारे, आज ते तुमचा निरोप घेताहेत. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाकांवर बसलेल्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. हदगावची एक बाई पदर सावरत उभी राहिली.

"सर, म्या पोरीसाठी इथं खोली करून राहिले. घरी सासू अंथरुणाला हाय, तिला नणंदेवर सोडून आले. तुमच्या भरोशावर आले. तुमी जावा, आमी न्हाई कसं म्हणावं? पर माझ्या पोरीला तुमीच सांगून जावा. ती सकाळधरनं रडून राहिली."

पोरगी दाराशी उभी होती. ती सरांकडं बघत नव्हती. सरांनी फाईलवर हात ठेवला. मग त्यांनी ती साहेबांच्या पुढ्यात सरकवली, खडू उचलला आणि काल आपण कुठवर आलो होतो ते पोरीला विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला तेव्हा चीड आली होती, आजही येते. संध्याकाळी टपरीवर मी म्हटलं, साहेबांनी तुम्हाला फसवलं. सर म्हणाले, "साहेब फसवू दे. ती बाई तर खरं बोलली ना?"

पुढं एका उन्हाळ्यात मला नांदेडच्या एका महाविद्यालयात प्राध्यापकाची नेमणूक मिळाली. साहेबांनी मलाही बॅचचंच पालुपद ऐकवलं. मी आठवडाभर केबिनचे उंबरे झिजवले. त्या आठवड्यात सरही दोन-तीनदा आत जाऊन आलेले मी पाहिले. माझ्यासाठी रदबदली करत असतील, असं मी धरून चाललो. एका दुपारी ते माझी फाईल घेऊन बाहेर आले आणि माझ्या हातात ठेवली.

"घे. आजच्या गाडीनंच नीघ. उद्या साहेबाचं मन फिरंल."

काय सांगितलंत त्यांना, असं मी विचारलं. "काय सांगायचं? गायकवाडबिगर क्लास चालतो म्हटलं. खरं हाय की." मी हसलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदे धरून वर उचललं. स्टँडवर पोचवायला आले. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहून गोदावरीला पाणी किती असेल, आता रोहूला चरबी धरली असेल का, असलं काहीबाही बोलत राहिले.

वर्षं गेली. मी नांदेडला रुळलो, संसार झाला, विभागप्रमुख झालो. सर तिथंच. आपाच्या मुली शिकून सासरी गेल्या, क्लासच्या इमारती वाढल्या, अत्तार सरांचं नाव फलकांवर मोठ्या अक्षरांत आलं. मध्यंतरी त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं आणि डॉक्टरनं माशाच्या तेलाच्याच गोळ्या लिहून दिल्या. फोनवर ते खो खो हसले. "ज्याला शोधत होतो ते आता वाण्याच्या पुडीसारखं औषधाच्या दुकानात मिळून राहिलंय." कधीही विचारलं, सर, कसं चाललंय, तर उत्तर एकच. "चालू हाय. बॅच चालू हाय." त्या उत्तरावर मी दरवेळी हसायचो.

एका सकाळी शिकवता शिकवता त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी लातूरला पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. घरात त्यांचे जुने विद्यार्थी दाटीनं बसले होते, बरेचसे आता डॉक्टर झालेले. साहेबही होते. थकले होते, डोकं पांढरं झालं होतं. माझ्याशेजारी सरकून ते हळू आवाजात सरांची थोरवी सांगू लागले. "तुमच्या वेळचीच गोष्ट घ्या. कोकणातून त्यांना दुसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. तुमचं आणि त्यांचं एकाच आठवड्यात. मी म्हटलं, केमिस्ट्रीची दोन्ही माणसं एकदम सोडली तर क्लास बंद पडेल. एकालाच सोडतो, कुणाला ते तुम्ही ठरवा. त्यांनी तुमची फाईल मागितली. असा माणूस होता."

साहेब हे कौतुकानं सांगत होते. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला तो झटकून टाकावासा वाटला, पण मयताच्या घरात तेही जमेना. मी उठून आत गेलो. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि हे तुम्हाला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आला, हातपाय धुतले, जेवाया बसला. म्या इचारलं, कधी निघायचं, सामान बांधू का? तर म्हनला, आपा, एक तरी सुटला."

आपांनी माझ्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला. मी सुटलो होतो, हे मला इतक्या वर्षांनी तिथं बसून कळलं. तोवर मी समजत होतो की मला नोकरी लागली होती.