रिकाम्या गाडीने उतरायचे

औरंगाबादेहून जालन्याची आगगाडी त्या दिवशी पलटणीसाठी राखून ठेवली होती, म्हणून मी सकाळी सात वाजता सर्विसने (भाड्याच्या मोटारीने) निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हते. मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी बांधली होती आणि कोळशाच्या वायूवर ती चालत होती. ड्रायव्हरने आधीच बजावले, "चार तास धरा साहेब. चढ लागला की उतरून ढकलायचं." टेंभुर्णीला माझी थोरली बहीण आजारी होती. जालन्यापासून पुढे बैलगाडीचा प्रवास उरणार होता.

बदनापूरला पावणेदहाला पोहोचलो. एका छपरात जोंधळ्याची भाकर आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आले. दोन दिवसांपूर्वी अवेळी पाऊस झाला होता. खडीचा रस्ता दहा फूट रुंद आणि कोरडा होता, पण दोन्ही बाजूंची काळी माती ओलीच होती.

पुढे कापसाच्या दोन गाड्या लागल्या. ड्रायव्हर मुकाट्याने त्यांच्या मागे बैलांच्या चालीने मोटार नेऊ लागला. भोंगा का वाजवत नाही, असे मी विचारले.

"त्या भरलेल्या हायेत साहेब, अन् आपण निम्मे रिकामे. भरली गाडी एकदा मातीत उतरली की वर येती का? इकडं रिकाम्या गाडीनं उतरायचं. बाप-आज्यापासून चालत आलंय."

साडेदहाला समोरून फौजेची गाडी आली. रणगाडे वाहून न्यायची ती गाडी. पुढे इंजिनाचा भाग आणि मागे जोडलेला लांब लोखंडी पाट. रणगाडा कोठेतरी उतरवून आली असावी, पाट मोकळा होता. पहिल्या गाडीवरचा माणूस कापसावर उभा राहिला, चाबूक उंच करून ओरडला, "ए भाऊ, रिकामा हायेस ना? मंग उतर की खाली!"

मागच्या गाडीवरून दुसरा हसत ओरडला, "नामदेवा, सरकारला वाट मागून राह्यला का रे?"

आणि फौजेची गाडी खरोखर उतरली. डावी चाके मातीत गेली, तिथेच रुतली. इंजिन जागीच थांबले, पण मागचा पाट थांबला नाही. तो आडवा फिरला आणि त्याने नामदेवची गाडी उचलून रस्त्याकडेच्या चारीत (चरात) टाकली.

आम्ही धावलो. एक बैल मेला होता. नामदेव चारीत उताणा पडला होता. पाटाची कड उलटलेल्या गाडीवर टेकली होती आणि गाडीचा कणा (चाकांचा आस) तिरपा होऊन त्याच्या कमरेवर अडला होता. मागच्या गाडीवरचा त्याचा थोरला भाऊ किसन. तो कण्याला खांदा लावून जोर करीत होता. कणा केसभरही हलत नव्हता.

फौजेचे दोघे जवान होते. त्यांतला चालवणारा हिंदुस्थानीत म्हणाला, "हाथ मत लगाओ. जालनासे बड़ी गाड़ी आयेगी, वही उठायेगी." किती वेळ लागेल? तो म्हणाला, दीड घंटा.

माझी नोकरी मोजणीची. मी चारीत उतरलो. कमरेच्या वर, कणा आणि नामदेवचे पोट यांत चार बोटे जागा होती. मी घड्याळ पाहिले. दहा मिनिटांनी पुन्हा बोटे घातली, तीन बोटेही नीट जाईनात. पाट मातीत बसत होता. मी त्या जवानाला हाताची बोटे दाखवून म्हटले, "आणखी अर्धा घंटा. दीड नाही."

त्याने माझी बोटे पाहिली. मग स्वतःच्या गाडीतून दोन फावडी घेऊन आला. एक किसनला दिले, दुसऱ्याने स्वतः नामदेवच्या पाठीखालची माती काढू लागला. आम्ही उरलेले हातांनी उकरत होतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी नामदेव बाहेर निघाला. पाय हलत नव्हते.

मोटार सगळ्यांनी मातीतून ढकलून पाटापलीकडे काढली आणि तिच्या मधल्या जागेत कापूस पसरून त्याला निजवले; किसन उशाशी बसला. जवानांना गाडी सोडता येत नव्हती. ज्याने माती काढली तो मोटार सुटेपर्यंत खिडकीला धरून उभा होता.

वाटेत किसन भावावर चिडला. "येडा हायेस का? इंजिनाला कोणी वाट मागतं का?"

"रिकामं व्हतं ना दादा," नामदेव म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी पाह्यलं ना? भरल्या गाडीनं कामून (कशाला) उतरायचं?"

मी म्हटले, "पाहिले. ती रिकामी होती आणि तुमच्यासाठी उतरलीसुद्धा."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. जालन्याच्या दवाखान्यात उतरवताना श्वास चालू होता. मी पुढे निघालो.

टेंभुर्णीला आठ दिवस राहिलो. बहिणीला उतार पडला. परतताना जालन्याला फौजेच्या एका मिस्त्रीशी गाठ पडली, तेव्हा त्या रणगाड्याच्या गाडीचे वजन विचारून घेतले. मग पुन्हा सर्विसने निघालो.

आदल्या रात्री पुन्हा पाऊस झाला होता. बदनापूरच्या अलीकडे कापसाची एक गाडी समोरून येत होती. आमची चाहूल लागताच ती दूरवरच मातीत उतरली आणि आसापर्यंत रुतली. गाडीवर किसन होता. आम्ही सात उतारू होतो. सातही जण चिखलात उतरलो तेव्हा कुठे ती वर आली.

नामदेवचे विचारले. "दुसऱ्याच दिवशी गेला," किसन म्हणाला. "साहेब, तो बराबर व्हता, ती गाडी बी उतरली. मंग चुकलं कोण? आठ दिस झाले, ह्योच विचार करून राह्यलो."

मी सांगितले, ती रिकामी गाडीच सव्वातीनशे मणांची असते.

त्याच्या गाडीत पंधरा मण कापूस होता. तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. वीस गाड्यांच्या पुढे गेल्यावर थांबला.

"तर मंग ती रिकामी व्हतीच कधी?" तो म्हणाला.

नगरला नोकरीवर परत येऊन आज महिना झाला. आजवर वजने-मापे पुष्कळ लिहिली, ती विचारणाऱ्याला सांगून मोकळा झालो. हे एक सांगितले ते बरे केले की वाईट, ते अजून ठरत नाही. किसनने कासरा ओढला तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तो अजून मोजत होता.