जास्वंदीवरची दशपर्णी

उत्रोलीत आमच्या घराच्या कुंपणाला गावठी लाल जास्वंदीची सहा झाडं आहेत. त्या फुलांचं सरबत मी रोज पिते आणि येईल त्याला पाजते. म्हणून तिथं विषारी औषध मारायचं नाही, हा माझा कायदा. गेल्या वर्षी शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसला. कापूस चिकटवावा तसे पांढरे पुंजके, आणि कळ्या पटापट गळायला लागल्या. मी कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी असा दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवला, महिनाभर सकाळ-संध्याकाळ ढवळला आणि गोठ्यामागे दशपर्णीचं पिंप तयार केलं. वास असा, की आमचे हे जेवणाचं ताट घेऊन पुढच्या ओट्यावर जायचे.

नेमकी तेव्हाच मी मोरीत घसरले. मनगट मोडलं, दीड महिन्याचं प्लास्टर. हे म्हणाले, "म्या हाय की. आठवड्याला एक फवारा, त्यात काय एवढं?" लग्नाला तीस वर्षं झाली, पण माणूस इतका गोड कधी वाटला नव्हता.

दोन फवाऱ्यांत झाडं लखलखीत झाली. मी हवेतच. आल्यागेल्याला सरबत देऊन दशपर्णीवर भाषण ठोकायचे. शेजारणीनं आमच्याच पिंपातला अर्क नेला होता. ती येऊन म्हणाली, "वैनी, माज्या जास्वंदीला काय बी फरक न्हाई." मी तिला फाडफाड बोलले. नीट गाळलं नसशील, रिठ्याचं पाणी घातलं नसशील, तुम्हाला कष्ट नकोत. बिचारी मान खाली घालून गेली. हे ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी आधी पिंप उघडलं. शेजारणीनं नेलं तेवढंच कमी, बाकी मी पडले तेव्हा होतं तसंच भरलेलं. मागे भातावर मारायचा पंप आणि औषधाची अर्धी बाटली.

"अहो, हे काय?"

"आगं, त्या काढ्यानं काय मरतंय व्हय? तुजं मन मोडू नये म्हनून न्हाई सांगितलं."

"आणि मी रोज सरबत पितेय ते?"

"फुलं धुवून घेतीस की!"

राग येत होता, आणि त्याहून जास्त लाज. मी तशीच उठून शेजारणीकडं गेले. म्हटलं, माझं चुकलं, तुझ्या फवारणीत काही चूक नव्हती, आमची झाडं औषधानं सुधारली.

ती चपापली नाही. चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"मला ठावं हाय, वैनी. तुमी रागावला त्याच सांजंला भाऊजींनी येऊन सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस? मी तर त्यानंतरही तुझ्या पोरींसाठी सरबताचा तांब्या पाठवत होते."

तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. "ते सरबत म्या मोरीत वतत हुते. भाऊजीच म्हनले, लेकरांना पाजू नगा."

म्हणजे यांना सगळं कळत होतं. शेजारच्या पोरींना यांनी सावध केलं होतं. मी मात्र रोज सकाळी यांच्यासमोर बसून पेला रिकामा करत होते, आणि हे मला विचारत होते, "गोड झालंय न्हवं?"