साडूभाऊंचा अतिरिक्त कार्यभार

देवाने पृथ्वी फिरती केली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून आमचे थोरले साडू केले. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. सरकारच्या भूगर्भ खात्यात दगडधोंड्यांचा अभ्यास करण्यात यांचा जन्म गेला, आणि त्या दगडांचा स्थिरपणा मात्र अंगाला चुकूनही लागला नाही. मुलुंडला आमच्याकडे आले की चहा उभ्याने. एक घोट गॅलरीत, दुसरा स्वयंपाकघरात, तिसरा शेजाऱ्यांच्या दारात. "बसा ना जरा," म्हटलं तर "बसतो की रे, घाई काय आहे?" असं म्हणत चपला पायात सरकवतात.

हल्ली उपनगरांत जिकडेतिकडे जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. सामान्य माणसाला त्याची धूळ दिसते, साडूभाऊंना खड्डे दिसतात. पायासाठी खणलेला खड्डा दिसला आणि हा माणूस सरळ पुढे गेला असं कधी झालेलं नाही. घाटकोपरला एका लग्नाला निघालो होतो. ताई पैठणीत, साडूभाऊ नव्या झब्ब्यात, आणि वाटेत खड्डा. "आलोच," म्हणाले आणि उतरले आत. एक दगड उचलला, झब्ब्याला पुसला आणि जिभेला लावून पाहिला. मातीचा अंश असला तर दगड जिभेला चिकटतो म्हणे. हे दृश्य बघून मुकादमाची तंतरली. महापालिकेचा साहेब आला असं वाटून त्याने शहाळं मागवलं आणि म्हणाला, "साब, सब परमिशन है अपने पास."

"परमिशन मरू दे रे, हा दगड बघ कसला झकास आहे!"

आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि आइस्क्रीमसुद्धा वितळलं होतं. ताई परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलल्या नाहीत. साडूभाऊंना ते कळलंही नाही, कारण ते आमच्या शंभर पावलं पुढे चालत होते.

बोरिवलीला भाचीसाठी, म्हणजे यांच्याच मुलीसाठी, स्थळ पाहायला गेलो तर बैठकीतून उठून हे थेट स्वयंपाकघरात. मुलाची आई कौतुकाने ओट्याचा काळा ग्रॅनाइट दाखवायला लागली. यांनी त्यावर बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "वहिनी, हा ग्रॅनाइट नव्हेच. दुकानदाराने टोपी घातली तुम्हाला." पोरीचं नशीब थोर म्हणून लग्न जमलं. विहीणबाई अजून यांना ओट्याजवळ येऊ देत नाहीत.

तर अशा या माणसाच्या गळ्यात सरकारने खुर्ची बांधली. खात्याचे प्रशासन संचालक निवृत्त झाले आणि नवीन माणूस मिळेपर्यंत त्या पदाचा 'अतिरिक्त कार्यभार' यांच्याकडे आला. तात्पुरता. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय चीज असते ते ज्याला भोगावं लागतं त्यालाच कळतं. बदल्या, रजा, पेन्शनी, गाड्यांचं डिझेल, यात माणूस पिंजऱ्यातल्यासारखा येरझारा घालू लागला. निवृत्तीपूर्वी कोकणातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची ती जांभ्या दगडाची उघडी पठारं, एकदा पायी पालथे घालायचे हे त्यांचं एकच स्वप्न होतं. रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत. आणि नेमके आता गुडघे कुरकुरायला लागले होते. "लवकर कुणीतरी मिळाला पाहिजे रे, नाहीतर माझी वाट लागली," हे दर भेटीत ऐकायला मिळायचं.

आता एवढी घाई असलेल्या माणसाने येईल त्याला खुर्ची देऊन पळ काढावा की नाही? निवड समितीत हे स्वतः होते. उमेदवार यायचे, अंधेरीच्या कचेरीत मुलाखती व्हायच्या, समितीला एखादा पसंतही पडायचा. मग साडूभाऊ म्हणायचे, "चला, जरा पाय मोकळे करू," आणि त्या बिचाऱ्याला जवळच्याच गिल्बर्ट टेकडीच्या काळ्या कातळावर घेऊन जायचे. खरी मुलाखत तिथे. पायथ्याशी पडलेला एखादा दगड तो माणूस उचलून बघतो का, एवढंच यांना पाहायचं असायचं. "दगड उलटून बघत नाही तो फाइल काय उलटून बघणार?" हा त्यांचा सिद्धांत. एकाने टेकडीसमोर सेल्फी काढला. एकाने विचारलं, "या पदाला गाडी कुठली मिळते?" एक तर बुटाला चिखल लागेल म्हणून रिक्षातून उतरलाच नाही. सगळे नापास. पुन्हा जाहिरात, पुन्हा उमेदवार, यात वर्षं उलटली. कचेरीत लोक म्हणायला लागले की साहेबांना खुर्ची सोडवत नाही. ताई तर एकदा कडाडल्याच, "अहो, जावई शोधताना तरी एवढा घोळ घातला होता का तुम्ही?"

शेवटी विदर्भातून एक बाई आल्या. जिल्हा कचेऱ्यांत केस पांढरे केलेल्या. टेकडीवर त्यांनी एकाही दगडाकडे ढुंकून पाहिलं नाही. पण अर्ध्या पायऱ्यांवर साडूभाऊ कठडा धरून थांबले, तशा त्याही थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या खात्यात फिरतीवरच्या माणसाचे गुडघे गेले, की पुढे त्याचं काय करता?"

साडूभाऊ तिथूनच खाली उतरायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला सांगितलं, याच बाई.

कार्यभार सोपवून ते मुलुंडला आले तेव्हा मी आनंदाने विचारलं, "मग काय साडूभाऊ, सुटलात! कोकण कधी?"

"डॉक्टर म्हणतो, सपाटीवर चाला तेवढं. चढउतार बंद." मग गॅलरीतून बाहेर बघत म्हणाले, "माझी परीक्षाच चुकली रे. इतकी वर्षं मी माझ्यासारखा माणूस शोधत बसलो. माझ्यासारख्याला ती खुर्ची कशाला हवी असेल? तो पण पळायलाच बघणार ना! पहिल्याच खेपेला जरा वेगळं बघितलं असतं, तर आज सड्यावर असतो."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू येशील का कोकणात? मी खाली गाडीपाशी थांबेन. तू वर जाऊन ये आणि काय काय दिसलं ते सांग मला. काही सोडायचं नाही हां, सगळं सांगायचं."

मला दगडांतलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "येईन की," एवढंच मी म्हटलं.