दुपारी संपणारा फोन

या ग्रुपवर मी वर्षभर नुसती वाचत आलेय. वाचते आणि हसते, खोटं कशाला बोलू. पिंपळाखालची बाई, रिकाम्या खोलीतला खोकला... असलं काही आलं की आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, "लोकांना कामधंदे नाहीत, दुसरं काय!" तर तीच मी आज लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा. माझा आजही भुताखेतांवर विश्वास नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो — मी, हे आणि माझ्या सासूबाई. हे मोडनिंबला शाळेत शिक्षक आहेत, सकाळी जातात ते संध्याकाळी उगवतात. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. प्रिंटर अडकला, कुणाचा फोन हँग झाला, की "सविता मॅडमना बोलवा" अशी हाक येते. त्यामुळे मोबाईलमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा एक तोरा होता. होता म्हणजे... आता जरा कमी झालाय.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं माहेर वळसंगचं, त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच. सासरे, आमचे अण्णा, शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झाले आणि पेठेतल्या एका छोट्या महादेवाच्या देवळाची पूजा करायला लागले. सकाळी मोपेडवर जायचे, दुपारी नैवेद्य दाखवून, गाभारा बंद करून घरी यायचे. त्यांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही आणि आईंना वाचायला वेळ लागतो, म्हणून मीच दोघांना आवाजाचे मेसेज पाठवायला शिकवलं होतं. मग रोज दुपारी देवळाला कुलूप लावलं की अण्णांचा मेसेज यायचा — "निघालो गं. तवा ठेव." एवढंच. तवा तापून भाकरी फुगेपर्यंत खाली मोपेडचा आवाज यायचा. आई त्यांच्या आधी कधी जेवल्या नाहीत. मी पुष्कळ वाद घातला, "अहो आई, साखरेच्या गोळ्या घेता तुम्ही, वेळेवर खायला नको का?" तर म्हणायच्या, "यायलेत की आता. तवा ठेवलाय."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात अण्णा गेले. देवळातच. तिथल्या शेजाऱ्यांनी दवाखान्यात हलवलं, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर घर कसं झालं ते काय सांगू... असो.

यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर पहिल्यांदाच सण करायचे होते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. म्हणजे विळी, कोयता, स्क्रूड्रायव्हर, ह्यांची बाईक, माझा लॅपटॉप आणि हल्ली सगळ्यांचे मोबाईलसुद्धा. पाटावर ओळीनं मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आई ओलं कुंकू बोटावर घेऊन एकेकाला लावत होत्या. त्यांच्या स्वतःच्या फोनवर नेमकी त्या वेळी अपडेटची सूचना आली होती. आईंनी भक्तिभावानं स्क्रीनच्या मधोमध बोट टेकवलं ते थेट "आत्ता इन्स्टॉल करा"वर! मी ओरडले, "आई, अहो!" तर त्या म्हणाल्या, "वरडू नगंस. पूजंत फोनला हात लावायचा न्हाय आज." झालं. फोन पाटावर बसून एकटाच अपडेट होत राहिला.

दसऱ्यापासून रड सुरू झाली. सकाळी फुल चार्ज केलेला फोन, दुपारी मी ऑफिसातून लावला की "बंद आहे". संध्याकाळी बघते तर मेलेला. चार्जिंगला लावला की उठायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी परत डाराडूर. मी म्हटलं, अपडेटनंतर असं होतंच, थोडे दिवस बॅटरी जास्त जाते, मग बसतं सगळं आपोआप. ऑफिसात मीच सगळ्यांना हे सांगते. पण बसायचं नाव घेईना. आणि माझा जीव त्या दुपारच्या फोनवर, कारण आई दिवसभर घरात एकट्या.

नवी पेठेतल्या दुकानात घेऊन गेले. रिपेअरवाल्या चाचांनी चार्जिंगच्या भोकात सुई घातली आणि माझ्याकडे बघतच राहिले. "क्या मॅडम, कुंकू भरके रखे इसमें? फोन का शादी किए क्या?" दुकानातलं गिऱ्हाईकही हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी साफ करून दिलं, बॅटरीही बदलली. मला वाटलं, चला, कुंकवाची करामत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन बंद!

आता मात्र माझं डोकं फिरलं. सिम काढलं, इंटरनेट बंद, सगळी ॲप बंद, एरोप्लेन मोड टाकला आणि आईंचा फोन घेऊन ऑफिसात गेले. टेबलाच्या खणात ठेवला, मधून मधून बघत होते. सकाळभर शहाण्यासारखा बसला होता, बॅटरी जेमतेम हलली. दुपारच्या जेवणाची वेळ जवळ आली आणि खणात हात घातला तर चटका बसला. बघते तर चार्जिंग भराभरा खाली चाललेलं. डबा उघडेपर्यंत फोन बंद. बाजूच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, व्हायरस असेल." व्हायरसला काय जेवायची वेळ कळते?

त्याच आठवड्यात ते झालं, ज्यानं मी खरी हादरले. संध्याकाळी घरी आले तर आई दारापाशी भिंतीला टेकून बसलेल्या. घामानं डबडबलेल्या, बोलणं अडखळतंय. साखर उतरली होती. गुळाचं पाणी पाजलं, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लं? आई पदरानं घाम पुसत राहिल्या. घरी येऊन बघते तर मी झाकून ठेवलेली भाकरी, भाजी, शेंगांची चटणी तशीच. आणि मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की अण्णा गेल्यापासून आई दुपारी जेवतच नव्हत्या! ताट रोज गाईला. संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री आमच्याबरोबर दोन घास. आणि गोळ्या मात्र इमानदारीत चालू. त्या वाळत चालल्या होत्या ते मला दिसत होतं, पण मी त्याला दुःख म्हणत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, परत असं झालं आणि घरात कुणी नसलं तर आम्ही काही करू शकणार नाही. मी रडले, भांडले, ह्यांनी हात जोडले. आईंचं एकच — "भूकच न्हाय गं दुपारची. घास उतरत न्हाय."

आता फोन चालू राहणं किती गरजेचं होतं ते कळलं ना? मी परत दुकान गाठलं. चाचा म्हणाले, "अब एकीच इलाज है, पूरा रीसेट मारना पडेगा. अंदर का सब जाएंगा." मी म्हटलं जाऊ दे, आईंच्या फोनमध्ये आहे काय? पण घरी येऊन सांगितलं तर आईंनी फोन छातीशी धरला. "न्हाय. पुसायचं न्हाय त्यातलं कायबी." माझी तार सटकली. "मग असाच मरू दे काय रोज दुपारी?" असं बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली.

पुढचा शनिवार कॉलेजला सुट्टी होती, ह्यांची शाळा होती. घरात मी आणि आईच. लाईट गेलेली. मी फोन घेऊन बॅटरी कुठलं ॲप खातंय ते बघत बसले. सगळ्यात वर मेसेजचं ॲप. म्हणून ते उघडलं. सर्वात वर अण्णांचं नाव. आणि आत, सगळ्यात खाली, एक आवाजाचा मेसेज... न ऐकलेला. ज्या दिवशी अण्णा गेले त्या दुपारचा.

"आई, हा मेसेज तुम्ही ऐकलाच नाही?"

आईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हात पिठात व्हते गं. टुंग वाजलं. रोजचंच सांगनार, निघालो म्हनून. न ऐकताच तवा ठेवला मी. तवा तापला, भाकरी थापली, करपली... मोपेड न्हाय आली. मग त्या लोकांचा फोन आला." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मग न्हाय ऐकला. ऐकला म्हंजी ते निघाले की. निघाले तर घरी यायला पायजेत. न्हाय ऐकला तर अजून देवळातच हायत असं वाटतंय. तिथवर कशी जेवू मी?"

मी तिथंच फरशीवर बसले आणि त्यांचा हात धरला. आणि त्याच वेळी मला जाणवलं की दुसऱ्या हातातला फोन तापत चाललाय. दुपारची तीच वेळ होती. देवळाला कुलूप लागायची. माझ्या डोळ्यांदेखत चार्जिंग खाली आलं... खाली... आणि एक टक्का. लाल. लाईट नाही, म्हणजे चार्जरही नाही. मी घाबरून म्हटलं, "आई, हा आता बंद पडतोय. चाचा म्हणालेत, एखाद दिवशी उठणारच नाही. मग तो आवाज कायमचा जाईल हो."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आन हिकडं." आणि स्वतःच्या बोटानं दाबलं.

आधी पाण्याचा आवाज आला. बादलीत नळ पडतोय असा. मग अण्णा. अगदी अण्णा, तोच घोगरा, घाईतला आवाज — "अगं, हितं नळ आलाय बघ. आलाय तर गाभारा धुऊनच येतो, आज उशीर हुईल. तवा ठेवू नगं. तू जेवून घे. गोळी घेतलीयास न्हवं? मग उपाशी बसू नगं माज्यासाठी. जेव."

आई आधी हसल्या. खरंच हसल्या. "ऐकलंस का? ठेवू नगं म्हनत व्हते, आन मी बसले की तवा जाळत!" आणि मग जे रडल्या... दीड वर्षाचं सगळं एकदम बाहेर आलं. मीही रडत होते. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "वाढ गं मला. भूक लागली."

मी म्हटलं, "गरम भाकरी टाकते." तर म्हणाल्या, "नगं. आज तवा नगं म्हनलेत ते. सकाळची हाय ती वाढ." आणि माझ्यासमोर, भर दुपारी, आई जेवल्या. चटणी मागून घेतली वर.

जेवताना त्यांनी तो मेसेज परत लावला. मग परत. हात धुऊन आल्यावर परत. शेजारच्या काकू आल्या, त्यांनाही ऐकवला. मी तो माझ्या फोनवर, ह्यांच्या फोनवर पाठवून दिला. दुपारभर लाईट नव्हती, आणि दुपारभर तो फोन एका टक्क्यावर चालू होता. सकाळची अख्खी बॅटरी गिळणारा फोन! चहाच्या वेळेला लाईट आली, मी पळत जाऊन चार्जर लावला, तेव्हाही एकच टक्का होता.

त्यानंतर तो फोन दुपारी एकदाही बंद पडला नाही. रीसेट केला नाही, अपडेट काढलं नाही, काही नाही.

ऑफिसातला एक इंजिनिअर झालेला मुलगा म्हणाला, "मॅडम, बॅटरीचं मीटर चुकीचं दाखवत असेल, मग आपोआप ॲडजस्ट झालं." असेल बाबा. एक टक्क्याचं तसं असेल. पण नेमक्या दुपारी, सिम काढलेला, खणात ठेवलेला फोन कशानं तापायचा? हे म्हणतात, "अण्णा होते ते." मी म्हणते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि असं म्हणताना हल्ली माझाच आवाज बारीक होतो.

आता रोज दुपारी ऑफिसात माझा फोन टुंग करतो. आईंचा मेसेज — "तवा ठेवलाय गं. जेवते." रोज तेच, शब्द न् शब्द तेच. माहीत असतं काय बोलणार आहेत ते. समोर प्रिन्सिपॉल उभे असू देत, नाहीतर ॲडमिशनची रांग असू दे, मी हातातलं काम सोडते आणि तो लगेच ऐकते. पूर्ण ऐकते.