अक्का वेटर, आम्ही गिऱ्हाईक

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एखाद्या रविवारी आवरायला काढले तर फेकवत मात्र एकही नाही! बंगलोरच्या आमच्या इंग्रजी क्लासचे किस्से असेच साठलेले. ऐकणाऱ्याला वाटतं, या लोकांनी तिथे काही कामधंदा केला की नाही? केला हो, चांगली यंत्रं बनवली. पण त्यांच्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

काळ एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरचा. मी, देवधर आणि साठे असे आम्ही तिघे एका सरकारी कारखान्यात इंजिनीयर. जयनगर तेव्हा नवंकोरं होतं, म्हणजे रस्ते आखलेले आणि घरं अजून यायची होती. त्यातल्या एका घरात वरच्या खोलीत आम्ही राहायचो. खाली मालक रामोजीराव आणि त्यांच्या पत्नी. त्यांना सगळं जयनगर अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही. जेवण अक्कांच्या हातचं.

रामोजीरावांचं घराणं तीनशे वर्षं बंगलोरात. मराठीच, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं, की पहिला आठवडाभर आम्ही त्यांच्याशी इंग्रजीत बोललो. शेवटी तेच देवधरला म्हणाले, "अण्णा, मराठीत बोला की. तुमचं मराठी स्वल्प अशुद्ध आहे, पण आम्हाला कळतं!"

देवधर पुण्याचा. तो महिनाभर रामोजीरावांशी बोलला नाही.

*

क्लास निघाला तो साठेसाठी.

कारखान्यातून दरवर्षी एका माणसाला ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवायचे. लेखी परीक्षा व्हायची, मुलाखत व्हायची, आणि शेवटची परीक्षा कुठल्याच कागदावर नव्हती. ती म्हणजे विलायती सल्लागार साहेबांच्या बंगल्यावर जेवण. माणूस तिकडे चारचौघांत बसून नीट खाईल का, बोलेल का, हे साहेब आणि मॅडम तिथे पाहायचे.

साठे वाईचा. लेथपुढे त्याच्यासारखा हात सगळ्या कारखान्यात नव्हता. पण टेबलापुढे बसवलं की त्याची वाचा जायची. आदल्या वर्षी तो लेखीत पहिला आला, मुलाखतीत तरला, आणि जेवणात एकूण दोनदा बोलला. आत जाताना "गुड इव्हिनिंग", आणि बाहेर पडतानाही "गुड इव्हिनिंग". जागा दुसऱ्याला गेली.

वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. "मला इंग्लंडातलं कुठलंही मशीन द्या रे," तो म्हणायचा, "पण तो काटा आणि तो चमचा नको." हे तो हसत म्हणायचा, पण ऐकवत नसे. एवढ्या कसबी माणसाचं नशीब उकडलेल्या बटाट्यापाशी अडावं, याचा मला खरंच राग यायचा.

*

देवधरने कँटोन्मेंटातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून संभाषणाचं एक पुस्तक पैदा केलं. हॉटेलात कसं मागवायचं, यजमानाकडे कसं जेवायचं, सगळी वाक्यं क्रमवार. डाव्या पानावर गिऱ्हाईक बोलायचं आणि उजव्या पानावर वेटर.

फक्त उजवी पानं कुणीतरी फाडून नेलेली होती!

"त्याने काही बिघडत नाही," देवधर म्हणाला. "आपल्याला कुठे वेटर व्हायचंय?"

तेव्हा आम्ही नुसती गिऱ्हाइकाची वाक्यं पाठ केली. अगदी ओळीने, दर रविवारी सकाळी. त्याचा पहिला प्रयोग माझ्यावर झाला. कँटोन्मेंटातल्या एका हॉटेलात शिरलो, रुमाल मांडीवर घेतला आणि पहिलं वाक्य टाकलं, "वन टोमॅटो सूप, इफ यू प्लीज."

वेटर म्हणाला, "सॉरी सर, नो सूप टुडे."

हे पुस्तकात नव्हतं. मी पुढचं वाक्य म्हटलं, "थँक यू. इट वॉज डिलिशस!"

*

क्लासला वेटर हवा होता. देवधरने अक्कांना गळ घातली. अक्कांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण उभं राहून वाढायचं आहे म्हटल्यावर त्या तयार झाल्या. त्यात शिकण्यासारखं काय आहे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

देवधर खुर्चीत रेलून म्हणाला, "व्हॉट वुड यू रेकमेंड टुडे?"

अक्का भात वाढत म्हणाल्या, "ते सगळं सरी, ठीक आहे, अण्णा. आधी हात धुऊन या."

पुस्तकातल्या कुठल्याही वेटरने गिऱ्हाइकाला इतका योग्य सल्ला दिला नसेल. देवधर मुकाट्याने उठला आणि हात धुऊन आला.

*

साठेची अडचण वेगळीच होती. तो वाक्यं मराठीत जुळवायचा आणि मग एकेका शब्दाचं इंग्रजी करायचा. एका रविवारी आम्ही त्याला त्याच हॉटेलात नेलं. तिथला म्हातारा बटलर साहेबांच्या राज्यापासून तिथे होता, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलायचा. त्याने उकडलेल्या अंड्यांची बशी पुढे केली.

साठेला अंडं चालत नाही. तेवढंच त्याला सांगायचं होतं. घाम पुसत तो म्हणाला, "सॉरी. एग डझ नॉट वॉक टू मी."

बटलरने बशीकडे पाहिलं, साठेकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "नो, सर. नॉट आफ्टर बॉइलिंग."

*

त्यानंतर देवधरने साठेला मराठीत विचार करायची बंदी घातली. "कानावर काही पडलं, की पाठ केलेल्या वाक्यांतलं एक बाहेर आलं पाहिजे. मध्ये डोकं चालवायचं नाही!"

साठेने हे मनावर घेतलं. खोलीत आम्ही हसतो म्हणून तो बनशंकरीच्या रस्त्याला सराव करायला जाऊ लागला. तिकडे तेव्हा शेतंच होती. बांधावर उभा राहून तो मोकळ्या रानाला ओरडून विचारायचा, "वेटर! मे आय हॅव द मेनू, प्लीज?"

चौथ्या दिवशी शेतातली एक बाई लगबगीने आली, त्याच्या तोंडाकडे बघून हळहळली आणि त्याच्या रुमालात ओंजळभर उकडलेल्या शेंगा घालून गेली.

क्लासच्या आख्ख्या इतिहासात इंग्रजीतून मागवलेलं आणि लगेच मिळालेलं खाणं ते एवढंच!

*

सगळ्यात अवघड गेला तो 'नो, थँक यू'चा धडा.

आपल्याकडे पहिल्या वाढीला कुणी 'हो' म्हणतं का? आधी 'नको नको' म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, मग वाढणाऱ्याने हात बाजूला सारून वाढायचं. हॉटेलात साठेने कटलेटला असंच सभ्यपणे "नो, थँक यू" म्हटलं, आणि वेटर बशी घेऊन निघून गेला! साठे दारापर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत होता. "परत विचारायला येईल ना रे?" तो मला हळूच म्हणाला.

म्हणून देवधरने अक्कांना सक्त ताकीद दिली. एकदाच विचारायचं. नको म्हटलं, की पातेलं घेऊन आत जायचं. इंग्रज आग्रह करत नाहीत.

अक्कांनी हुळी, म्हणजे त्यांचं सांबार, आणलं. साठे म्हणाला, "नो, थँक यू." अक्का वळल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या. पातेलं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, अण्णा. ताटावर बसलेलं पोर नको म्हणतं आणि मी सुम्ने, गपचूप, आत जाऊ? कसले लोक हो ते? आणि तिथे या पोराला वर्षभर पाठवणार तुम्ही?"

त्या दिवशी साठेला तिप्पट हुळी-भात खावा लागला. क्लास बरखास्त झाला. रामोजीराव देवधरला म्हणाले, "इंग्रज इथून का गेले, ते मला आज कळलं!"

*

आणि मग ते जेवण आलं.

देवधरने साठेला टाय बांधला, मी बूट पुसले, अक्कांनी हातावर दही घातलं. साठे सायकलवर बसून गेला तेव्हा आम्ही पाच जण फाटकात उभे होतो. पाचवी शेजारच्यांची गाय. परत येईपर्यंत कुणीच जेवलं नाही.

परत आला तो तोंड उतरवून.

"सगळं जमलं रे," तो म्हणाला. "काटा डाव्या हातात धरला. सूपचा आवाज केला नाही. साहेब मशीनबद्दल बोलले, मीही चार वाक्यं बोललो. पण मॅडमचं इंग्रजी फार कठीण! पुडिंग आलं तेव्हा माझ्याकडे बघून हसल्या आणि काहीतरी बोलल्या. मला ओ का ठो कळलं नाही. पुन्हा बोलल्या, अगदी सावकाश. तरी नाही. साहेबही टक लावून माझ्याकडेच बघत होते."

"शब्द आठवतात का?" देवधरने कागद-पेन्सिल घेतली.

"तीन होते. पॉट. बार. जावा."

देवधरने ते लिहून काढले. डिक्शनरी काढली. पॉट म्हणजे भांडं. बार म्हणजे जिथे पितात ती जागा. जावा हे बेट आहे, पण तिकडची कॉफी प्रसिद्ध आहे. अर्धा तास खपून त्याने निकाल दिला. "जेवणानंतर बारमध्ये जाऊन काहीतरी घेणार का, असं विचारलं असणार. काय घेणार ते तुझ्यावर सोडलं. तू काय म्हणालास?"

"मलाही तो 'बार' तेवढा कळला होता," साठे म्हणाला. "म्हणून पुस्तकातलं दारूचं उत्तर दिलं. नो, थँक यू. आय नेव्हर डू."

"शाबास!" देवधर म्हणाला. "बिनचूक आहे!"

"मग बाईंच्या डोळ्यांत पाणी का आलं रे?"

याचं उत्तर डिक्शनरीत नव्हतं. साठेने त्या आठवड्यात लेथवर दोन जॉब बिघडवले. तो दिवसभर पुटपुटत फिरायचा, पॉट, बार, जावा. 'बाईंना दुखावलं मी' एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. एकदा मला म्हणाला, "जागा गेली तर गेली. पण त्यांनी काय विचारलं, ते तरी कळायला हवं होतं." मी विषय बदलला.

आठव्या दिवशी कारखान्याच्या चीफनी मला केबिनमध्ये बोलावलं. चीफ मद्रासकडचे. टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती.

"तू त्या साठेबरोबर राहतोस ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "तुमच्याकडे जेवणाची काय व्यवस्था आहे?"

"उत्तम आहे, सर."

"मग हे काय? मॅडमची आया पुण्याची आहे. पाहुणा मराठी आहे म्हटल्यावर मॅडमनी आयाकडून एक वाक्य शिकून ते आठवडाभर घोकलं. त्याला त्याच्या भाषेत आग्रह करायचा म्हणून. पोटभर जेवा. म्हणजे काय रे ते?"

मी अर्थ सांगितला. चीफनी चष्मा काढला.

"त्यावर तो म्हणाला, आय नेव्हर डू?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मॅडम चार दिवस नीट जेवलेल्या नाहीत," चीफ म्हणाले. "दुसरं नाव त्यांनी साहेबांना घेऊच दिलं नाही. म्हणतात, निदान एक वर्ष तरी तो मुलगा पोटभर खाईल. जा, साठेला सांग. इंग्लंडला तोच चाललाय."

मी मशीन शॉपमध्ये धावलो. साठे लेथपुढे उभा होता. मशीन बंद करायला लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. पुण्याची आया, मॅडमनी आठवडाभर घोकलेलं वाक्य, चीफ काय म्हणाले ते, आणि इंग्लंड. मला वाटलं, आता हा मला मिठी मारेल.

साठेने हातातलं फडकं लेथवर ठेवलं. इंग्लंड त्याच्या कानात शिरलंच नव्हतं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "ते मराठी होतं?"