नळीतलं तेल

रविवारी सकाळी हे अंगणात मोटारसायकल घेऊन बसले होते. इंजिनाचे दोन सिलिंडर एकसारखा श्वास घेत नव्हते, त्यामुळे हँडल सारखं थरथरायचं. गवंडी पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी ह्यांनी फळीवर वाकवून बांधली, तिच्यात थोडं तेल ओतलं आणि तिची टोकं हवा आत सोडणाऱ्या दोन्ही थ्रॉटल बॉडींना जोडली. गाडी सुरू करताच तेल डावीकडे चढलं.

"डावा फारच जोर लावतोय," मी म्हटलं.

"हवा कमी मिळतेय गं त्याला, म्हणून इतका ओढतोय," म्हणत ह्यांनी स्क्रू किंचित फिरवला.

माझी आई आमच्याकडे अंथरुणाला खिळली होती, ते वर्ष मला आठवलं. मी येता-जाता सगळ्यांवर खेकसायचे. हे कधी उलटून बोलले नाहीत. संध्याकाळी आईजवळ येऊन बसायचे आणि म्हणायचे, "तू जरा बाहेर फिरून ये."

तेल हळूहळू उतरलं आणि दोन्हीकडे सारखं थांबलं. हँडल शांत झालं.

नवऱ्याचे आभार मानायची आमच्यात पद्धत नाही. मी आत जाऊन चहा ठेवला. चहातलं आलं ह्यांना आवडतं, मला मुळीच नाही. आज भरपूर किसलं.