पोटातल्या लेकराची चौकशी

सून पहिल्यांदा पोटुशी होती तेव्हाची गोष्ट. तालुक्याहून एक डॉक्टरीणबाई जीप घेऊन दारात आल्या. लेकरू पोटात असल्यापासून माहिती घ्यायची, मग दर साली येऊन बघायचं, थेट ते मोठं होईपर्यंत. माणसाच्या मनाचं दुखणं कुठून सुरू होतं, हे त्यांना शोधायचं होतं.

"काहून? लेकरू अजून जन्मलं न्हाई अन् तुमी त्याला येडं ठरवून राहिल्या?" मी म्हणलो.

"तसं नाही बाबा. बहुतेक लेकरं चांगलीच राहतात. एखादं आजारी पडलं, तर आई गरोदर असताना काय झालं होतं ते मागं जाऊन बघता येतं."

मी कापूस पेरतो तर त्याच साली वेचतो. ह्या बाई पोटात सवाल पेरून मिशा फुटायची वाट बघणार! मी हाकलणारच होतो, पण सून आतून म्हणली, "मामा, मी हो म्हणलंय."

नातू झाला. बाई दर साली येत राहिल्या. पण माझी धाकटी लेक लग्नाला आली होती. येडेपणाची चौकशी करणारी जीप दारात उभी राहते म्हणल्यावर सोयरीक कोण करील? आमच्याकडं शेळ्या-मेंढ्या. मी गावात सांगून टाकलं, ह्या जनावरांच्या डॉक्टर हायेत. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं सुचलं, हे काय कमी?

मग हट्टा गावचे पाव्हणे पोरगी बघायला आले, अन् नेमकी त्याच दिवशी जीप. जनावरांच्या डॉक्टर हायेत, मी त्यांनाबी सांगितलं. नवरदेवाचा बाप पिढीजात मेंढपाळ. पोह्याची बशी ठेवून तो उठलाच. "बरं झालं बाई, भेटल्या. आमचा मेंढा गोल गोल फिरून राहिला, भिंतीला टकरा घेतो. सुई द्या."

"मी माणसांची डॉक्टर आहे. मनाच्या आजाराची," बाई म्हणाल्या, अन् सगळं सांगून बसल्या.

पाव्हण्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली न्हाई. "मेंढ्याला मन नसतं का?" म्हणलो.

आत लेकीच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

पाव्हणा हळूच खाली बसला. "बाई, पोटुशी बाईनं ग्रहणात विळीवर चिरलं की लेकरू येडं होतं, हे खरं का?"

"नाही. त्यानं होत नाही."

"मग कशानं?"

"पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तर हिंडतेय."

"माझा भाऊ भ्रमिष्ट हाये. अख्ख्या भावकीनं जन्मभर आमच्या मायला बोल लावला. तुमी आत्ताच चला. तिला तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

मी तिथंच पकडलं. "पाव्हणं, हे तुमी आधी सांगितलं न्हाई!"

"तुमी तरी कुठं सांगितलं?"

"आमच्यात सांगायला कुणी येडं न्हाई!"

"तुमी हायेत की!"

आत बायका खो खो हसल्या. लेकीचा आवाज मी बराबर ओळखला.

पाव्हणा जीपमध्ये चढून बसला. "मी येईस्तोवर सुपारी फोडू नका. मायला घेऊन येतो."

दिवस कलता कलता, बाईंच्या तोंडून सगळं ऐकून, पाव्हण्याची म्हातारी माय जीपमधून उतरली. माझ्या रामरामाकडं लक्षसुद्धा न देता ती लेकीला म्हणली, "उभी राहा, पोरी. तुझी उंची बघू दे."

मग मी सुपारी फोडली.